आकाश निवडणारे अप्पा

"रिकामा बसलेला आन् मेलेला सारखाच. फरक एवढाच, मेलेला खात न्हाय."

अप्पांचं हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एसटीच्या थांब्यावर, आणि ते माझ्याबद्दलच होतं.

मी गोंदियाकडचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. मोबाइलचे टॉवर उभे करणाऱ्या टोळीबरोबर गावं पालथी घालत लोहारा तालुक्यात येऊन पडलो. 'पडलो' हे अगदी खरं. सास्तूरच्या अलीकडच्या एका गावात मला ताप भरला, मी आडवा झालो आणि टोळी टॉवर उभा करून पुढं निघून गेली. मुकादम म्हणाला होता, "बरा हो, न्यायला येतो." तो अजून यायचाच आहे. मी थांब्यावरच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराकडं बघत राहायचो.

एक दिवस गाडीऐवजी एक म्हातारा समोर येऊन उभा राहिला. कपाळाला विभूती, डोक्याला टोपी, पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी वायरमन लोकांचा टेस्टर. मला वरून खाली बघून त्यांनी ते वाक्य टाकलं आणि विचारलं, "कुठला रं तू?"

"गोंदियाचा, जी."

"लई लांब हाय की. हितं काय करायलास?"

"काही नाही, जी."

"म्हंजे रिकामाच हायस न्हवं?"

"हाव, जी."

"मग चल."

मी उठून मागं गेलो. तापात होतो म्हणून गेलो, की कुणीतरी 'चल' म्हणालं म्हणून गेलो, ते आज सांगता येत नाही. वाटेत त्यांनी शिक्षण विचारलं. मला या प्रश्नाची फार भीती वाटे. मी हळूच म्हणालो, "आठवी, जी." ते म्हणाले, "मग हिरवं आन् तांबडं वळखतोस. बास झालं. हिरवं दिसलं तर मशीन चालू, तांबडं दिसलं तर मला हाक मार." माझी मुलाखत एवढीच झाली.

अप्पांना रिकामी वस्तू सहन होत नसे. रिकामा डबा दिसला की त्यात खिळे भरत, रिकामी भिंत दिसली की खुंटी मारत. घरातले सात संगणकही असेच रिकामे होऊन त्यांच्या गळ्यात पडले होते. त्यांच्या मुलानं रस्त्याकडेच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. आधी पोरं आली, मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि क्लास ओस पडला. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि संगणक गोणपाट पांघरून खोलीत उभे राहिले. जन्मभर आडत दुकान चालवलेल्या अप्पांना ते येता-जाता दिसायचे. "गोठ्यात सात बैल, आन् एकाच्या बी मानेवर जू न्हाय," असं ते चडफडत. मग एकदा भजी बांधून आलेल्या पेपरात त्यांनी वाचलं, की तुमच्या घरचा संगणक रिकामा असेल तर तो शास्त्रज्ञांच्या कामाला लावता येतो. भजी थंड झाली. मुलाला फोन करकरून, त्याच्या शिव्या नाही तरी उसासे खाऊन, अप्पांनी सगळं बसवून घेतलं. सातही बैल आभाळाच्या नांगरटीला लागले.

मी त्या खोलीत राहायला लागलो. झोपायला चटई, जेवायला अप्पांच्या घरची भाकरी आणि शेंगाचटणी, आणि काम म्हणजे सात मशिनींची धूळ पुसणं, पंखे बघणं, हिरवं-तांबडं बघणं. दिवसा अप्पांच्या शेतावरही जायचो. गावात मला 'मशिनीचा गुराखी' म्हणत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. कुठलंच नाव नसण्यापेक्षा ते बरं होतं.

हे काम नेमकं काय आहे, ते अप्पा प्रत्येकाला एकाच पद्धतीनं समजावत. शेजारच्या मावशीला समजावताना मी तिथंच होतो. मावशी म्हणजे कोंबड्या पाळणारी, तोंडानं फटकळ बाई.

"हे बघ, तुज्या घरी पोतंभर तूरडाळ आली. एकटीला निवडून व्हईल का?"

"न्हाय व्हनार."

"मग गल्लीतल्या बायकांना सूप-सूप वाटून देतीस का न्हाय? तसंच हाय. परदेशात लोखंडाचा एक भला मोठा कान बसवलाय. त्यो आभाळातला आवाज गोळा करतोय. पोत्यानं आवाज! शास्त्रज्ञांना एकट्यांना निवडून व्हईना, म्हनून जगातल्या घराघरांत सूप-सूप वाटून देत्यात. आपून खडा शोधायचा."

"आन् खडा घावला तर?"

"डाळ त्यांची, खडा बी त्यांचाच. आपलं फकस्त नाव."

"पैसं?"

"न्हाय."

मावशी विचारात पडली. "मग निवडायला येतंय कोन?"

"तू न्हाय का येत शेजारनीकडं?"

"म्या च्या प्यायला येते," मावशी म्हणाली.

खडा म्हणजे मेलेला तारा. मेल्यावरही तो गरागरा फिरतो आणि फिरताना आभाळात टिकटिक सोडतो, ती टिकटिक आवाजाच्या पोत्यातून वेगळी काढायची. अप्पांना सगळ्यात भावलं ते हेच. आपल्या जुन्या वाक्यात त्यांना या ताऱ्यासाठी दुरुस्ती करावी लागली होती. चावडीवर बसलेल्या मंडळींकडं बघून ते म्हणायचे, "त्यो मेलाय, तरी काम करायलाय. आन् हे जिते बघा."

सगळं ऐकून झालं की गावातला प्रत्येक माणूस शेवटी एकच प्रश्न विचारी, आवाज जरा खाली आणून: "अप्पा, भूकंपाचं कळतंय का ह्यात?"

"न्हाय. हे वरचं हाय, खालचं न्हाय."

माणूस मान हलवून निघून जाई. वरच्यात त्याला रस नसे.

खरं म्हणजे गावाला त्या मशिनींकडून वेगळंच काही हवं होतं. कुणाला पोराचा निकाल बघायचा असे, कुणाला पीकविम्याचा कागद छापून हवा असे. सात-सात संगणक समोर घूं घूं करत असताना अप्पा हात जोडून सांगत, "मशीन कामावर हाय. उमरग्याला जावा." एकदा सरपंच स्वतः आले. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि तेच सांगितलं. सरपंच म्हणाले, "अप्पा, तुमी मढं हुडकायला मशीन देताव, जित्या मानसाला न्हाय." अप्पा म्हणाले, "जितं मानूस एसटीनं उमरग्याला जाऊ शकतंय, सरपंच."

आणि सोमवारी सातही मशिनी बंद. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी बैलाला, म्हणजे त्याच्या नंदीला, जू लावायचं नाही, हा त्यांच्या घरातला पिढ्यांचा रिवाज. रविवारी दिवस मावळला की अप्पा एकेका मशिनीच्या डोक्यावर हात ठेवून ती बंद करत आणि मंगळवारी सकाळी विभूतीचं बोट लावून सुरू करत. शास्त्रज्ञांकडून येणाऱ्या प्रत्येक कामाला मुदत असे, आणि सोमवारच्या सुट्टीमुळं ती कधीकधी चुके. मी घाबरून म्हणायचो, "अप्पा, ते लोक रागावतील, जी." ते म्हणत, "रागावू दे. त्यांच्याकडं सोमवार न्हाय का?"

या कामात प्रत्येकाला गुण मिळतात आणि जगभरातल्या लोकांची क्रमवारी लागते. अप्पा शनिवारपर्यंत चढत जात आणि सोमवारी घसरत. त्यांच्या अगदी पुढं कुठल्यातरी बर्फाळ देशातली एक बाई कायम असे. अप्पा तिला 'पुढारीण' म्हणत. एकदा त्यांना राहवलं नाही. मोबाइलवर मराठीत बोलून, त्याचं इंग्रजी करून त्यांनी तिला निरोप पाठवला: बाई, मशिनीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देत जा, पाप लागतंय. तिचं उत्तर आलं: आमच्याकडं फार बर्फ आहे, मशीन थांबलं की माझे पाय गारठतात.

अप्पांनी मानेवरचा घाम पुसत ते पुन्हा एकदा वाचलं. वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, खिडकीला आम्ही ओलं पोतं बांधलं होतं, ते वाळून कडक झालं होतं, आणि आम्ही दोघं बनियनवर बसलो होतो.

"अरं, ही बाई मशिनीवर शेकायलीय!" ते म्हणाले. "हिला चार मशिनी धाडाव्यात आन् हिच्याकडनं पोतंभर बर्फ आणावं. दोघांचं भागंल."

पुढं ती बाई सोमवारी थोडी मागं पडायला लागली. तिनं सुट्टी द्यायला सुरुवात केली की तिच्याकडं उन्हाळा आला, हे कळायला मार्ग नव्हता. अप्पांनी पहिलं खरं मानलं आणि "बाई चांगल्या घरची हाय," असा शेरा दिला.

मशिनींच्या त्या उष्णतेचा खरा उपयोग मावशीनं ओळखला. आधी तिनं मशिनींच्या पाठीमागं सांडगे वाळत घातले. अप्पांनी चालवून घेतलं. मग एका थंडीत चौथ्या मशिनीमागची धूळ पुसताना माझ्या हाताला टोपली लागली. टोपलीत भुसा, भुशात अंडी.

मी झटकन हात मागं घेतला. लिंगायताचं घर, देव्हारा भिंतीपलीकडं, आणि अंडी सापडली कुणाच्या हातात, तर परगावाहून आलेल्या पोराच्या! मी अप्पांना हाक मारली आणि आधीच म्हणालो, "मी नाही ठेवली, जी."

अप्पा वाकले, बघितलं, सरळ झाले. मावशीला बोलावणं गेलं. ती कमरेवर हात ठेवून आली.

"कोंबडी बसंना अप्पा. मशीन बसलेलीच हाय की! तिला काय फरक पडतोय?"

"अगं, माज्या घरात अंडी?"

"अंडी कुठं हायती? पिल्लंच हायती ती. जरा टाइम लागायलाय."

अप्पा आयुष्यभर आडतीवर भाव तोडलेले गृहस्थ, पण हा युक्तिवाद त्यांना तोडता आला नाही. वर चौथ्या मशिनीचं काम अर्ध्यावर होतं. टोपली हलवायची तर वायरी हलवाव्या लागल्या असत्या. शेवटी ठरलं, की टोपली राहू द्यायची, पण घरात तिचा उल्लेख करायचा नाही. काही दिवसांनी मेलेल्या ताऱ्यांच्या शोधात असलेल्या त्या मशिनीमागून चिवचिव ऐकू यायला लागली. अप्पा रोज सकाळी पिल्लं मोजत. "काय का असंना," ते मला म्हणाले, "मशिनीचं हे पयलं उत्पन्न."

गुण वाढले की अप्पांना एक प्रमाणपत्र यायचं. ते छापून, प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याशेजारी टांगलं जाई. पाहुणे आले की अप्पा सहज म्हणून तिकडं पाठ करून उभे राहत, म्हणजे पाहुण्यांना ते दिसावं.

मुलाला मात्र या सगळ्याची लाज वाटे. मी त्याला दादा म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, पण तो आला की खोलीभर नजर फिरवी, आणि ती फिरत फिरत माझ्या चटईवर थांबे. तो येणार असं कळलं की मी फरशी पुसायला घ्यायचो आणि तो येईपर्यंत पुसतच राहायचो. मशिनी गेल्या तर गुराखी कशाला ठेवायचा, हे मला न सांगता समजत होतं. गोंदियाला परत जायला तोंड नव्हतं. तिथं सगळ्यांना वाटत होतं, की मी अजून टॉवरच्या कामावर आहे.

येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला तो आला आणि नेमका त्याच दिवशी घोटाळा झाला. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा करतं, भाज्या-डाळींची भज्जी आणि भाकरी खातं आणि पिकाभोवती ताकाची आंबील शिंपतं. आम्ही शेतातून परतलो तेव्हा अप्पांच्या हातात आंबिलीचा तांब्या तसाच होता. ते सरळ मशिनींच्या खोलीत शिरले.

"अप्पा, काय करताय?" दादा ओरडला.

"हे बी पीकच हाय की," असं म्हणत त्यांनी आरोळी देऊन, जशी हरभऱ्याभोवती शिंपली तशी, सातही मशिनींभोवती आंबील शिंपली. तिसरी मशीन फुर्र करून थांबली.

तीन नंबरला आम्ही पुढं कित्येक दिवस उन्हात वाळवलं. ती सुरू झाली, पण तापली की तिला ताकाचा आंबूस वास यायचा. दादाचा मात्र संयम त्याच दिवशी संपला. तो म्हणाला, "अप्पा, बास. खोली रस्त्यावरची आहे. खताच्या दुकानाला द्यायचं मी बोललोय. मशिनी भंगारात जातील."

"नाव यायलंय की आपलं!" अप्पांनी भिंतीकडं बोट केलं.

"ती प्रमाणपत्रं सगळ्यांना मिळतात. मशीन चालू ठेवली की मिळतं ते. तुम्हाला काय सापडलं ते सांगा."

अप्पांचं बोट खाली आलं. कारण खरंच काही सापडलं नव्हतं. इतकी वर्षं डाळ निवडली, खडा एकही नाही. आपण जरा जास्तच बोललो, असं दादालाही वाटलं असावं. तो म्हणाला, "गुढीपाडव्यापर्यंत थांबतो. तुमच्या मशिनीनं काही शोधलं असं त्या लोकांनी कळवलं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही कळवलं, तर पाडव्याला खोली द्यायची."

"दिली," अप्पा म्हणाले. आडत्यानं सौदा मान्य करावा तसं.

त्यानंतरचे दिवस मी पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यांकडं बघत घालवले. लाइट गेली की माझा जीव जाई. एका रविवारी संध्याकाळी अप्पा मशिनी बंद करायला आले, तेव्हा मी धीर करून म्हणालो, "अप्पा, पाडव्यापर्यंत सोमवारी पण चालवू ना, जी. नंदी समजून घेईल."

अप्पांचा हात पहिल्या मशिनीवर होता. "समजून घेतंय म्हनून तर त्याला जुंपायचं न्हाय," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी दादा पुण्याहून आला. खतवाला काका टेप घेऊन आला होता. त्यानं आमच्या देखत खोली मोजली. माझी चटई पायानं सरकवून मोजली. मग ते दोघं बोलणी पक्की करायला महादेवाच्या देवळासमोरच्या कट्ट्यावर गेले. अप्पा आणि मी खोलीतच राहिलो. अप्पांनी सवयीनं संगणकावर आलेली पत्रं उघडली.

एक इंग्रजी पत्र आलं होतं. बियाण्यांच्या पिशव्या वाचून अप्पांना जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात त्यांना आपलं नाव तेवढं ओळखू आलं. त्यांनी त्याचं मराठी करून घेतलं आणि बोट ठेवून वाचलं. आपल्या मशिनीनं तपासलेल्या आवाजात एक नवा तारा निघाला आहे. दुसऱ्या देशातल्या एका मशिनीनंही तेच उत्तर दिलं आहे. शोधाच्या कागदावर आपलं नाव कसं छापावं ते कळवा.

अप्पांनी खिशातला टेस्टर काढला आणि पडद्याला लावून बघितला.

मग ते उठले. "जागचा हालू नको," मला म्हणाले. "ही चिठ्ठी कुठं जाऊ द्यायची न्हाय. म्या पोराला घेऊन येतो." आणि टोपी नाही, चप्पल नाही, तसेच रस्त्यावर पळत सुटले.

आता, हे भूकंपानंतर वसवलेलं गाव. इथं सगळी घरं बसकी, रांगेनं उभी, आणि इथली एक रीत मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती कुणाला सांगावी लागत नाही. कुणी अनवाणी घरातून पळत बाहेर आलं, की बाकीचे कारण विचारत नाहीत. आधी बाहेर येतात, मग विचारतात. ज्यांनी भूकंपाची ती पहाट बघितली ते तर येतातच, पण जी पोरं नंतर पत्र्याच्या शेडमध्ये जन्मली तीसुद्धा येतात.

मी खिडकीतून बघत होतो. मावशी बाहेर आली, काखेत कोंबडी. मग न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्या गालाला फेस लावलेला एक गृहस्थ, आणि मागून वस्तरा घेऊन न्हावी. शाळेची पोरं रांगेत मैदानावर. कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं होतं, कुणी शेळीला. बघता बघता रस्ता भरला. आणि मला वाटलं, की अप्पांना तारा सापडला म्हणून अख्खं गाव धावून आलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या लोकांना पीकविम्याचा कागद छापून मिळाला नव्हता, ते लोक धावत होते! काय मनाची माणसं, असं मला वाटलं.

पुढचं मला मागून कळलं. दादानं कट्ट्यावरून पळापळ बघितली आणि तो घराकडं धावला, अप्पांना बाहेर काढायला. अप्पा त्याला आनंदानं सांगायला येत होते. दोघं वाटेत एकमेकांवर आपटले. दादाचा पांढरा पडलेला चेहरा आणि मागं रस्त्यावर आलेलं गाव बघितल्यावर अप्पांच्या डोक्यातून तारा साफ निघून गेला. त्यांनाही वाटलं, की भूकंपच झाला.

"पोरगं आत हाय!" असं ओरडून ते माघारी पळाले.

दारातून त्यांचा आवाज आला: "होरग बा! होरग बा!" म्हणजे कानडीत 'बाहेर ये'. अप्पा फार घाबरले की कानडीत बोलत, आणि मला कानडी येत नव्हतं. मला वाटलं, चिठ्ठी सांभाळ म्हणतायत. मी पडदा दोन्ही हातांनी गच्च धरला.

मग अप्पा आत आले. छताकडं बघत, एक हात डोक्यावर धरून आत आले आणि माझं मनगट पकडून मला उचललं. त्या वयात एवढं बळ त्यांना कुठून आलं, देव जाणे.

"मशिनी, जी! चिठ्ठी, जी!"

"मसनात गेल्या मशिनी!"

त्यांचा पाय मुख्य वायरीत अडकला, वायर भिंतीतून निघाली आणि सातही मशिनी एकदम गप्प झाल्या. मला त्यांनी तसंच ओढत रस्त्याच्या मधोमध आणून उभं केलं. मनगट सोडलं नाही.

सगळं गाव श्वास रोखून जमिनीकडं बघत होतं. कोंबडीही गप्प होती.

"कुठं हालतंय?" शेवटी मावशीनं विचारलं.

कुठंच हालत नव्हतं.

"आदी कोन पळालं?" सरपंचांनी आवाज चढवला. मग चौकशी लागली. न्हावी म्हणाला, गिऱ्हाईक पळालं म्हणून मी. गिऱ्हाईक म्हणालं, मावशी पळाली म्हणून मी. मास्तर म्हणाले, गिऱ्हाईक पळालं म्हणून आम्ही शाळा सोडली. मावशीनं कोंबडीसकट हात लांब केला. "आन् म्या ह्यास्नी बघून."

सगळं गाव अप्पांकडं बघायला लागलं. अप्पा आपल्या अनवाणी पायांकडं बघायला लागले. त्यांना आता कुठं आठवलं.

"म्या... मला तारा घावला," ते म्हणाले.

गावातला सगळ्यात म्हातारा माणूस नातवाच्या पाठीवर बसून आला होता. त्यानं तिथूनच विचारलं, "वरचा का खालचा?"

"वरचा."

"मग खाली कशाला पळालास, भाड्या?"

हसू फुटायला आणि शिव्या सुरू व्हायला एकच गाठ पडली. कुणाची भाकरी तव्यावर जळाली होती, कुणाची शेळी सुटली होती. त्या गदारोळात दादाचं लक्ष मात्र भलतीकडंच होतं. तो अप्पांच्या हाताकडं बघत होता, ज्यात अजून माझं मनगट होतं.

"अप्पा, तुम्ही परत आत कशाला गेलात?" त्यानं हळू विचारलं.

"पोरगं आत हुतं की," अप्पा म्हणाले. काय वेड्यासारखं विचारतोस, अशा स्वरात.

मी तिथं खाली मान घालून उभा राहिलो. गोंदिया सोडल्यापासून माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं, आणि हा माणूस पडत्या घरात शिरला होता. घर पडत नव्हतं, हे त्याला कुठं माहीत होतं?

खतवाला काका टेप हातात घेऊन पुढं आला. "मग उद्याचं कसं करायचं?"

"खोलीत माणूस राहतो, काका," दादा म्हणाला. "तुम्ही दुसरी बघा."

मग दादानं वायर लावली, मशीन सुरू केली आणि दारात उभं राहून सगळ्या गावाला ते पत्र मराठीत वाचून दाखवलं. लोक दाटीवाटीनं ऐकत होते. पत्र संपल्यावर मावशी म्हणाली, "नाव कुनाचं छापनार?"

"अप्पांचं."

"आन् आमी पळालो ते?"

हे सगळ्यांना पटलं. पळालेल्या प्रत्येकाचं नाव गेलं पाहिजे अशी मागणी आली. न्हाव्यानं गिऱ्हाइकाचंही सांगितलं. दादानं समजावलं, की जागा एकाच नावापुरती आहे. बरीच घासाघीस होऊन अप्पांच्या नावापुढं गावाचं नाव लावायचं ठरलं, आणि कानाकोपऱ्यातून चुकीच्या स्पेलिंगा सुचवत लोकांनी ते लिहून घेतलं.

जायच्या आधी सरपंचांनी निवाडा दिला. "अप्पा, तारा घावला, लई चांगलं झालं. पर ह्याच्यापुढं ह्या गावात आनंद झाला, तर चप्पल घालून, चालत बाहेर यायचं. पळत न्हाय. समद्यास्नी लागू."

लोक पांगले. अप्पा घरात गेले. मला वाटलं, दमले असतील, आडवे होतील. थोड्या वेळानं ते चपला घालून, टोपी सारखी करून, नवा सदरा चढवून बाहेर आले आणि उंबऱ्यावर थांबून मला म्हणाले, "चल. तू बी चपला घाल."

मग आम्ही दोघं निघालो. सावकाश. मधला कारभार झालाच नव्हता असं धरून, गल्लीच्या टोकापर्यंत, एकेका दारासमोर थांबत. अप्पा दारातल्या माणसाला नमस्कार करत आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं सांगत, "तारा घावला आमाला." माणसं भाकरीचे हात पुसत दारात येत, आधी आमच्या पायांकडं बघत, आणि मग म्हणत, "व्हय का? बसा की, च्या घेऊन जावा."